रात्री दोनची राखण

बावीस वर्षं आम्ही ऑगस्टात कुठे गेलो नाही.
लोकांनी आमच्यासाठी लग्नं पुढे ढकलली.
ज्यांनी नाही ढकलली त्यांच्याकडे मी एकटी गेले
आणि केक कापायच्या आत परतले,
कारण वाफ्यात लीक होते.

लीक म्हणजे कांद्याचा उंच, मुका चुलतभाऊ.
आमच्या खाणवस्तीनं त्याला डोक्यावर चढवून ठेवलाय.
सप्टेंबरात क्लबात टेबलांवर पांढऱ्या चादरी अंथरतात,
आंघोळ घातलेले लीक त्यांच्यावर निजवतात
आणि तीन गंभीर माणसं टेप लावून मापं घेतात,
शिंप्यानं नवरदेवाची घ्यावीत तशी.
आम्हाला एकदा वॉशिंग मशीन मिळालं.
एकदा टेड हेपलनं अर्ध्या इंचानं हरवलं,
तेव्हा विल्फ चार दिवस मीठ मागण्यापुरतं बोलला.

वाण सासऱ्यांचा.
विल्फ त्यांना बिअर पाजायचा, मी काळी साखर विरघळवायची,
कशात किती ते मुलीलाही सांगायचं नाही.
आणि रात्री राखण. हेवा वाईट, चाकू घेऊन येतो.
पलीकडच्या गल्लीतले सगळे कुणीतरी एका रात्रीत कापून गेलं,
तेव्हापासून दहा ते दोन तो,
दोन ते उजाडेपर्यंत मी,
शेडमध्ये एकच घडीची खुर्ची, बत्ती, थर्मास,
डोळ्यात तेल घालून.
दोन वाजता आम्ही भेटायचो.
कधी वाटायचं, एवढाच संसार:
एकानं ऊब आणलेली खुर्ची दुसऱ्याला द्यायची.

त्या रात्री मी आले तर तो उठलाच नाही.
वर बघत होता. एक विमान दक्षिणेला चाललं होतं,
लाल ठिपका मिचकावत.
"त्यातले लोक," तो म्हणाला, "आत्ता झोपले असतील."
"किंवा सँडविच खात असतील."
"पाय किती पसरता येतात गं त्यात? किती इंच?"
बावीस वर्षांत त्यानं
दुसऱ्या कशाचं माप विचारलं नव्हतं.

सकाळी पाव आणायला निघाले
आणि प्रवासाच्या दुकानात शिरले.
काचेवर हातानं लिहिलेला कागद:
क्रीट. उद्या. दोन जागा उरल्यात.
पाव राहिलाच.

विल्फनं हात धुऊन तिकिटं धरली,
पुन्हा पुन्हा उलटून पाहिली,
मग शेडकडे जाऊन फावडं घेऊन आला.
मी म्हटलं, राखायला टेडला सांगू की.
"टेडला?" तो म्हणाला,
आणि आम्ही असे हसलो
की शेजारची खिडकी उघडली.

उपटताना आवाज येतो,
चिखलातून बूट निघावा तसा.
नऊ लीक. टॉवेलात गुंडाळून दारोदार ठेवले,
चिठ्ठीवर फक्त: सूप करा. एनिड.
टेडच्या दारात सगळ्यात मोठा.
माप मी घेतलं नाही.
त्यानं घेतलं असेल तर मला ठाऊक नाही.

क्रीटच्या समुद्राबद्दल मी काही सांगणार नाही,
तो सगळेच सांगतात.
बाजारात काळ्या कपड्यातली एक बाई लीक विकत होती,
करंगळीएवढे, दोऱ्यानं बांधलेले.
विल्फनं एक उचलून मुळाशी अंगठ्यानं दाबला.
मी दुसरीकडे बघितलं.
मग त्यानं जुडीच घेतली.
खोलीतल्या एकुलत्या कढईत मी तेलावर परतले.
"गोड असतात की," तो म्हणाला,
आणि आमच्या राक्षसांना पाण्याची चव होती
हे आम्ही त्या बशीपाशी कबूल केलं, न बोलता.

रात्री दोनला दोघांनाही जाग आली.
बाल्कनीत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या,
दोन्ही गार.
खाली कुठेतरी बकरीची घंटा वाजत होती.
विल्फनं सवयीनं बत्ती लावली,
कुणाच्या तरी टोमॅटोंवरून हळूहळू फिरवली.
"कुणाचे असतील?"
"काय माहीत. झोप."
त्यानं बत्ती विझवली, खुर्ची माझ्याकडे ओढली.
"पाणी कमी पडतंय त्यांना," तो म्हणाला.